माणसाळवण्याची घाई: भुंगा नावाच्या पिल्लाचं प्रकरण

कुत्र्यांना शिकवणं हे माझं काम. कुत्र्याचं पिल्लू चावलं की लोक मला फोन करतात. चावण्याआधी महिनाभर घरात जे चाललेलं असतं, त्यासाठी सहसा कुणी करत नाही. भुंग्याच्या घरून फोन आला तोही चावल्यावरच. "ताई, अचानक चावला हो. गुरगुरला नाही, भुंकला नाही. सरळ दातच लावले." बोलणाऱ्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. पिल्लाचं वय साडेतेरा आठवडे.

आधी विचारायचं ते विचारलं. चावा पाहुण्यांच्या बोटाला होता, कातडी फाटून रक्त आलेलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतलं का? डॉक्टरकडे गेले का? पिल्लाला रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यानंतर देतात आणि भुंग्याची ती अजून व्हायची होती. दुधाचे तर दात आहेत, एवढंसं तर लागलंय, असं म्हणून हे सोडून द्यायचं नसतं. सुदैवाने सगळं रीतसर झालं होतं. मग सांगितलं, मी येण्याआधी त्याला पशुवैद्याकडून नीट तपासून घ्या: कान, पाठ, मांड्या, पोट. कुठे दुखत असेल तर माझी सगळी शिकवणी फुकट जाते. तपासणीत काही निघालं नाही. मग मी गेले.

घरात आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, भुंगा हे नावही खरं नाही, पण शोभतं.) पिल्लू काळंभोर, मिश्र जातीचं, मोठं झाल्यावर मध्यम बांध्याचं होईल असं. जन्म एका घरातच, पाच भावंडांत, आणि आईजवळ पूर्ण आठ आठवडे. म्हणजे सुरुवात चांगली होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण बुजरं पिल्लू म्हटलं की "बिचाऱ्याचे आधी हाल झाले असतील" हे कारण फार पटकन पुढे येतं. इथे तसं काहीच नव्हतं. जे झालं ते या प्रेमळ, अभ्यासू घरात, पाच-साडेपाच आठवड्यांत झालं.

फ्रिजवरची यादी

फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावलेला होता. वर ठळक अक्षरांत '१०० माणसं'. खाली रकाने: दाढीवाले, चष्मेवाले, टोपीवाले, छत्रीवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं, गणवेशातली माणसं. भेटलेल्या प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एकूण ६१. खुणा मुलीने रंगीत पेनांनी केल्या होत्या आणि मी कागदाजवळ थांबले तशी ती शेजारी येऊन उभी राहिली, शाबासकीच्या अपेक्षेने.

यादीमागची माहिती खोटी नव्हती. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि इलियट या तिघांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्लांना त्यांनी कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत माणसांपासून दूर वाढवलं. कुणाला दुसऱ्या, कुणाला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात थोडे दिवस माणसांत आणलं. एका गटाला मात्र १४ आठवडे माणूस दिसलाच नाही. त्या शेवटच्या गटातली पिल्लं नंतर कितीही प्रयत्न केले तरी नीट माणसाळली नाहीत. तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ संवेदनशील मानतात. नेहमीचं काय आणि परकं काय, याची बरीचशी वाटणी पिल्लाच्या डोक्यात त्या काळात होऊन जाते.

भुंग्याच्या घरच्यांनी हे वाचलं आणि धसका घेतला. आठ आठवड्यांचं पिल्लू हाती आलेलं, म्हणजे उरले सहाच आठवडे. आले-गेले, शेजारी, ओळखीपाळखीचे, सगळ्यांना बोलावणं गेलं. लसीकरण पुरं झालेलं नसल्याने बाहेर जमिनीवर सोडायची भीती, म्हणून घरातच माणसांचा रतीब. प्रत्येक जण यायचा, "अगं किती गोड" म्हणत उचलायचा, छातीशी धरायचा, पुढच्याकडे द्यायचा. खूण व्हायची.

संवेदनशील काळाची एक बाजू या यादीत नव्हती. त्या काळात चांगलं जसं खोल रुजतं तसंच वाईटही रुजतं. त्यातही आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमाराला पुष्कळ पिल्लं एकाएकी भित्री होतात, कालपर्यंत ज्याच्यावर उड्या मारल्या त्या बादलीलाही दचकतात. नेमक्या त्याच आठवड्यांत भुंगा दिवसाला तीन-चार अनोळखी हातांत फिरत होता.

चाळीस सेकंद

त्यांच्याकडे व्हिडिओ भरपूर होते. मी नवव्या आठवड्यातला एक मागितला. चाळीस सेकंदांचा. खोलीत पाच पाहुणे, भुंगा एकाच्या मांडीवर. मागून मुलीचा हसण्याचा आवाज: "बघा ना, कसल्या जांभया देतोय! झोप आली बाळाला."

मी तो तुकड्या-तुकड्याने थांबवत सगळ्यांना दाखवला. तिसऱ्या सेकंदाला पहिली जांभई. सहाव्याला जिभेचं टोक नाकावरून झर्रकन फिरतं, तोंडापुढे खाण्याचं काही नसताना. नवव्याला डोकं बाजूला, नजर दाराकडे. बाराव्याला पाहुण्याचा हात डोक्यावर येतो आणि कान मागे चिकटतात. मग परत जांभई. विसाव्याला दुसऱ्याच्या हातात देताना मागचे पाय ताठ, शेपूट पोटाखाली. पंचविसाव्या सेकंदापासून तो एकदम शांत होतो. हलत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसतं, तोंड घट्ट मिटलेलं. आणि याच जागी एक पाहुणे म्हणतात, "वा, किती समजूतदार आहे. बघा, सवय झालीसुद्धा."

त्या पंधरा सेकंदांत पिल्लू गोठलेलं होतं. पळता येत नाही, कुणी ऐकत नाही, मग निपचित पडायचं. दमलेल्या पिल्लाची जांभई आणि ताणातली जांभई एकेकटी पाहिली तर ओळखू येणार नाही. तिच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते पाहावं लागतं. झोपाळू पिल्लाचं अंग सैल पडतं. हे अंग चोरून बसलं होतं.

बाईंनी व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहायला नको म्हटलं. अशा वेळी मी घाईने सांत्वन करत नाही, पण एवढं सांगितलं की मीही पूर्वी कित्येक कुत्र्यांच्या अशा शांतपणाला 'छान बसलाय' म्हटलेलं आहे.

गुरगुरणं कुठे गेलं?

"तो आधी गुरगुरायचा का?" असं विचारल्यावर आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. हो, अकराव्या आठवड्यात सुरू झालं होतं. कुणी उचलायला वाकलं की घशातून बारीक गुर्र. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की आत्ताच वरचढपणा मोडला नाही तर डोक्यावर बसेल. उताणा पाडा आणि हार मानेपर्यंत दाबून धरा. बाबांनी चार-पाच वेळा तसं केलं. आठवड्याभरात गुरगुरणं थांबलं. घरच्यांना वाटलं, सुटलो.

कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ कमी होत नाही. गुरगुरणं ही भुंग्याची शेवटची सभ्य विनंती होती. त्याआधीच्या विनंत्या, जांभया, नाक चाटणं, तोंड फिरवणं, कुणाला कळल्या नव्हत्या. ही कळली, पण तिच्याबद्दल शिक्षा झाली. मग त्याच्याकडे दातांशिवाय उरलं काय? फोनवरचं 'अचानक' हे असं पाच आठवडे तयार होत होतं.

त्या 'वरचढपणा'चा उगम सांगायचा तर १९४७ सालापर्यंत मागे जावं लागतं. रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा अभ्यास लिहिला, त्यात वरच्या जागेसाठीच्या झटापटी होत्या. पण रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, असं डेव्हिड मेक यांनी पुढे १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं. तोवर ती कल्पना लांडग्यांवरून कुत्र्यांवर आणि कुत्र्यांवरून तीन किलोच्या पिल्लावर येऊन बसली होती. तीन किलोचं पिल्लू घराचं राज्य घ्यायला निघालंय, हे मला कधीच गंभीरपणे घेता आलेलं नाही. बाबांना मात्र ते फार लागलं. ते म्हणाले, "मला तेव्हाही बरं वाटत नव्हतं. पण थांबलो असतो तर कमी पडलो असं वाटलं असतं."

आजी

पहिल्या भेटीत मी तासभर जमिनीवर बसून नुसतं पाहिलं. भुंगा मला पाहून सोफ्याखाली गेला. मुलगी जवळ आली तर शेपूट हलवायचा, पण तिने दोन्ही हात पुढे केले की दबकायचा. आईच्या मागे फिरायचा, आईने वाकून हात खाली नेला की बाजूला व्हायचा. बाबा उठून उभे राहिले की खोली सोडायचा.

आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. शेजारी काठी टेकवलेली. पाऊण तासाने भुंगा सोफ्याखालून निघाला, भिंतीच्या कडेकडेने गेला आणि आजींच्या पावलांवर हनुवटी टेकवून झोपला. आजींनी पेपराचं पान उलटलं. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुमचा त्याला एवढा लळा कसा लागला?" मी विचारलं.

"मी काही केलंच नाही बाई," आजी म्हणाल्या. "मला वाकता येत नाही."

आजी यादीतल्या ६१ जणांत नव्हत्या. घरच्याच म्हणून त्यांच्यापुढे खूण केली नव्हती. पण त्या काठी टेकत चालायच्या, खोकायच्या, मोठ्याने पेपर झटकायच्या. यादीतल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या एकटीत होत्या आणि पिल्लाला त्यातल्या एकाचंही भय नव्हतं. कारण प्रत्येक वेळी जवळ किती जायचं ते त्याने स्वतः ठरवलं होतं. पुढच्या तीन महिन्यांचं माझं सगळं नियोजन मी या खुर्चीवरून उचललं, हे कबूल करायला हरकत नाही.

पहिले पंधरा दिवस: काही न करणं

सूचना अशी होती की पंधरा दिवस पाहुणे नकोत. आलेच तर भुंगा दुसऱ्या खोलीत. घरच्यांपैकी कुणीही उचलायचं नाही. गुरगुरला तर रागवायचं नाही. हात मागे घ्यायचा, काय करत होतो ते वहीत लिहायचं. वही मुलीकडे दिली. यादी गेल्याने ती हिरमुसली होती, तिला काहीतरी मोजायला हवंच होतं.

पहिल्या तीन दिवसांच्या झोपेच्या नोंदींतून एक गोष्ट उघड झाली. या वयाची पिल्लं दिवसाला १८ ते २० तास झोपतात. भुंगा जेमतेम १३ तास झोपत होता, तेही तुकड्या-तुकड्यांत, कारण पिल्लू दिसलं की घरातला प्रत्येक जण त्याच्याशी बोलायचा. दुपारी एक खोली अंधारी करून तिथे त्याचं अंथरूण टाकलं, दाराला जाळीचं फाटक लावलं. चौथ्या दिवशी आईचा निरोप आला, "हा आजारी तर नाही ना? नुसता झोपतोय." आठवड्याअखेर संध्याकाळची ती पिसाटल्यासारखी धावपळ आणि पायांना चावणं निम्म्याहून कमी झालं होतं.

या चावण्याबद्दल घरात मोठा घोळ होता, तो इथेच सोडवते. मुलीच्या बाहीला लटकणं आणि पाहुण्याच्या बोटाला चावणं ही त्यांना एकाच रोगाची दोन लक्षणं वाटत होती. तसं नाही. पहिलं खेळणं आहे: अंग लवचिक, ढुंगण वर, सोडून पुन्हा येतो. दुधाचे २८ सुईसारखे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, हाताला लागेल ते चावलं जातं. त्यावर उपाय साधा: दात लागले की मुलीने हात बांधून झाडासारखं उभं राहायचं, खेळ बंद, तोंडात द्यायला दोरीचं खेळणं कायम जवळ. दुसरं चावणं मात्र ताठ, चटकन आणि मागे सरकत होतं. त्याचं औषध खेळणं नव्हे, अंतर.

शू-शीचं प्रशिक्षण त्यांचं आधीच ठीक चाललं होतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरल्या जागी नेणं आणि तिथल्या तिथे खाऊ देणं. फक्त घरात शू झाली की फरशी अमोनियाच्या क्लीनरने पुसत होते. त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच वाटतो. एंझाइमवालं क्लीनर आणायला सांगितलं. बस.

'उचलते'

उचलणं हे भुंग्यासाठी सगळ्यात वाईट होतं आणि ते कायमचं टाळता येणार नव्हतं. डॉक्टरकडे टेबलावर ठेवावं लागतं, कधी जिन्यावरून घ्यावं लागतं.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाची भीती घालवली होती. पीटर आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब. मग रोज थोडा जवळ. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. शंभर वर्षं झाली, आम्ही कुत्र्यांच्या शाळेत अजून तेच करतो. फक्त आम्ही क्रम पक्का ठेवतो. आधी भीतीची गोष्ट, मग खाऊ. खाऊ आधी दिसला आणि भीतीची गोष्ट मागून आली तर पिल्लू खाऊलाच बिचकायला लागेल. भुंग्याचं नेमकं तसं झालं होतं: आई हातात खाऊ घेऊन बोलवायची आणि आला की उचलायची. आता खाऊची डबी वाजली तरी तो लांब थांबायचा.

म्हणून आधी एक शब्द ठरवला, 'उचलते'. पहिले दोन दिवस आईने त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून नुसता शब्द म्हणायचा, एक क्षण थांबायचं, मग त्याच्यापुढे चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकायचा. हात हलवायचा नाही. तिसऱ्या दिवशी शब्द, मग हात कुशीच्या दिशेने वीतभर पुढे, हात परत, मग तुकडा. पाचव्या दिवशी बोटं कुशीला लागली. आठव्या दिवशी तळवा छातीखाली गेला, वजन घेतलं नाही. अकराव्याला पुढचे पाय कागदाएवढे वर. भुंग्याने मान फिरवली की त्या दिवशीचं तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे.

शब्दाचा दुसरा उपयोग आईला नंतर कळला. शब्द न म्हणता कुणी उचलणार नाही, हा नियम पाळल्यावर इतर वेळचे हात निर्धोक झाले. ती खाली वाकली की तो बाजूला व्हायचा थांबला, कारण शब्द आला नव्हता.

कुरवाळण्यासाठी मुलीला एक खेळ शिकवला. तो स्वतः आला तर छातीवर तीन सेकंद खाजवायचं, डोक्यावर नाही. मग हात मांडीवर. तो परत हाताशी आला तर आणखी तीन सेकंद. नाही आला तर झालं. पहिल्या दिवशी मुलगी रडकुंडीला आली, "तो येतच नाही." दहाव्या दिवशी तिने वहीत लिहिलं, "आज सात वेळा परत आला." खाली सात खुणा, रंगीत.

बाहेरचं जग, टोपलीतून

लसीचा प्रश्न खरा आहे. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लांचा जीव घेतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं, म्हणून लसीचे डोस १६ आठवडे किंवा त्यापुढेपर्यंत देत राहावे लागतात. पण तोवर पिल्लाला चार भिंतींत ठेवलं तर संवेदनशील काळ संपून जातो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच भूमिका जाहीर केली की पहिली लस देऊन किमान सात दिवस झाले असतील आणि पहिलं जंतनाशक दिलेलं असेल तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागेतल्या वर्गात न्यायला हरकत नाही. भुंग्याच्या डॉक्टरांशी मी बोलले. त्यांचं म्हणणं, अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर पाय नको, बाकी बघू द्या खुशाल.

साधारणपणे मी अशा वेळी पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवायला सांगते. इथे कडेवर घेणं हेच दुखणं. मग एक उथळ टोपली घेतली, तळाशी त्याचं अंथरूण. तो आपणहून टोपलीत चढला की खाऊ, उतरला तरी काही नाही. चार दिवसांत तो टोपली दिसली की उडी मारून बसायला लागला आणि टोपली उचललेली त्याला चालायची. उचलला तोच गेला, पण आता त्याचं पाऊल आधी पडलेलं होतं.

बाबा टोपली घेऊन एका रस्त्याकडेच्या बाकावर बसायचे. रहदारीपासून चाळीस पावलांवर. माणूस दिसला की एक तुकडा. माणूस गेला की तुकडे बंद. रोज सात-आठ मिनिटं, जास्त नाही. कोणी "हात लावू का?" म्हटलं तर बाबांनी "नाही, तो शिकतोय" म्हणायचं. हे म्हणणं त्यांना पिल्लापेक्षा अवघड गेलं. एकदा त्यांनी मला विचारलं, "पण मग त्याची सवय कशी होणार? कुणी हातच लावला नाही तर?" मी म्हटलं, तुम्हाला रस्त्यावरचे किती लोक हात लावतात?

अंतर पुरेसं आहे की नाही हे पिल्लाचं तोंड सांगतं. खाऊ हळू घेतला, चावून खाल्ला, मग माणसाकडे पुन्हा पाहिलं: ठीक. हातातून ओरबाडून घेतला, बोटाला दात लागले: काठावर आहे. तोंडच लावलं नाही: फार जवळ आलात, उठा.

माझी चूक

चौथ्या आठवड्याच्या शेवटी चाळीस पावलांची पंधरा झाली होती आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मित्राला मी घरी आणलं, उंच, दाढीवाला, शांत स्वभावाचा. त्याला जमिनीवर बसवलं, तळहातावर चिकनचा तुकडा ठेवायला सांगितलं आणि भुंग्याला खोलीत सोडलं.

भुंगा पुढे आला. मागचे पाय होते तिथेच ठेवून नुसतं अंग लांबवत, रबरासारखा ताणला गेला. मला तेव्हाच थांबवायला हवं होतं. त्याने तुकडा उचलला, गिळला, मान वर केली आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळलं: अनोळखी तोंडापासून फूटभरावर. त्याने हवेत दात वाजवले आणि उलटा पळताना दारावर आपटला. त्यानंतर दोन दिवस तो बाकावरही काही खाईना.

भित्र्या पिल्लाला परक्या माणसाच्या हातून खाऊ द्यायचा हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो का फसतो ते मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी तेच केलं. भूक पिल्लाला त्याच्या धिटाईपेक्षा पुढे ओढते. खाऊ संपतो, भीती तिथेच असते, आणि आता तो तिच्या तोंडाशी असतो. दोन आठवड्यांनी तोच मित्र परत आला, तेव्हा तो दारापाशी पाठमोरा बसला आणि तुकडे भुंग्याच्या मागे, लांब फेकत राहिला. तुकडा घ्यायला भुंगा मागे पळायचा, म्हणजे खाऊबरोबर त्याला अंतरही मिळायचं. मग आपणहून थोडा जवळ यायचा, पुढच्या तुकड्यासाठी. चौथ्या भेटीत त्याने मित्राच्या बुटाची नाडी हुंगली. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

वहीतले आकडे

गुरगुरण्याच्या नोंदी आईला सुरुवातीला घाबरवणाऱ्या वाटल्या. पहिल्या आठवड्यात २. तिसऱ्यात ११. तिने फोन केला, "वाढतंय हो हे." मी म्हटलं, अभिनंदन. तो पुन्हा बोलायला लागला होता, कारण बोललं की हात मागे जातो हे त्याला कळलं होतं. नवव्या आठवड्यात ३. बाराव्यात १, तेही आजींचा पाय चुकून शेपटीवर पडला तेव्हा. त्याबद्दल आजींनीच त्याची माफी मागितली म्हणे. चावा या काळात एकही नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. लसी पुऱ्या झाल्यावर कुत्र्यांशी ओळख सोपी गेली. एका पोक्त, कंटाळलेल्या कुत्रीने त्याला दोनदा दटावलं आणि तो शहाणा झाला. माणसांचं मात्र वेगळं. आठव्या महिन्यात, वयात येताना, तो पुन्हा टोपीवाल्यांवर भुंकायला लागला आणि आम्ही काही दिवस बाकावर चाळीस पावलांवर परत गेलो. परक्याने उचललेलं त्याला आजही चालत नाही आणि चालावं असा माझा आग्रहही नाही. दवाखान्यात जाण्याआधी तो जाळीचं मुसकं स्वतः नाक घालून चढवून घेतो, कारण त्याच्या तळाशी नेहमी काहीतरी चाटण्यासारखं असतं. टेबलावर मात्र आईच ठेवते, तो शब्द म्हणून. पहिल्या पाच आठवड्यांतलं किती पुसलं गेलं आणि किती नुसतं वरून झाकलं गेलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

शेवटच्या भेटीत मुलीने वही दाखवली. पाहुण्यांच्या नोंदी तिने स्वतःच्या मनाने सुरू केल्या होत्या. सुरुवातीला प्रत्येक पाहुण्यामागे पानभर मजकूर: कुठे बसले, भुंगा कुठे होता, किती पावलं, कान कसे होते. पुढे पुढे चार ओळी, मग दोन. सगळ्यात खालची नोंद आदल्या रविवारची होती. "काका-काकू आले. चहा प्यायले. भुंगा आजीच्या पायाशी झोपला होता. उठला नाही."